ग्रामीण वाहतूक : अनुदान आणि लोकशक्ती

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळा पाच वाजता सुटते आणि गावाकडे जाणारी शेवटची गाडी पावणेपाचलाच निघून जाते, हा प्रकार महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अपवादात्मक नाही. पंधरा मिनिटांच्या या फरकाचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही. मुलगा असेल तर तो सायकल काढतो, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसतो, नाहीतर वडापच्या जीपला लोंबकळत घरी पोहोचतो. मुलगी असेल तर पहिले काही दिवस ती शेवटचा तास बुडवते. पुढे तिचे आईबाप दहावीनंतरचे शिक्षणच बुडवतात. शाळा आहे, रस्ता आहे, तालुक्याच्या आगारात गाडी आहे आणि मुलीजवळ मोफत पासही आहे. नाही ती एकच गोष्ट. गाडी कोणत्या वेळी सुटावी, हे ठरवताना त्या गावाला विचारणारे कोणी नाही, आणि न विचारता आपले म्हणणे आकड्यांनिशी मांडण्याची तयारी गावाजवळ नाही.

ग्रामीण वाहतुकीच्या अनुदानाचा विचार येथून सुरू केला पाहिजे. एरवी ही चर्चा किती कोटी मिळाले आणि किती गाड्या घेतल्या, या दोन प्रश्नांपाशी थांबते. पैसा अपुरा आहे, ही तक्रार खरीच आहे. परंतु पैसा आल्यावर त्याचे काय होते, तो कोणासाठी वापरला जातो आणि तो कसा वापरावा हे सांगण्याचे बळ खाली कोणापाशी असते, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा असून त्याकडे मात्र फारसे लक्ष दिले गेलेले नाही.

एक जुने वचन

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली एस. टी. धावली. खाजगी मोटारमालकांच्या मनमानीतून प्रवाशाला सोडवणे आणि ज्या मार्गावर नफा नाही तेथेही गाडी नेणे, हा या राष्ट्रीयीकरणामागचा हेतू होता. ‘गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एस. टी.’ ही घोषणा त्या हेतूतून आली आणि काही दशके ती बऱ्याच अंशी खरीही ठरली. गर्दीच्या मार्गावर मिळालेला पैसा तोट्याच्या मार्गावर खर्च करायचा, म्हणजे मुंबई-पुण्याच्या प्रवाशाने मेळघाटच्या प्रवाशाचा थोडा भार उचलायचा, असा तो व्यवहार होता. त्याला कोणी समाजवाद म्हटले नाही, तरी तो समाजवादी व्यवहारच होता.

हा व्यवहार हळूहळू मोडत गेला. लांब पल्ल्याचे आणि किफायतशीर प्रवासी खाजगी आरामगाड्यांनी पळवले. जवळचे प्रवासी वडाप आणि काळी-पिवळीने घेतले. शासनाने एका हाताने सवलतींची भरपाई दिली आणि दुसऱ्या हाताने वर्षानुवर्षे भाड्यावर १७.५ टक्के प्रवासी कर घेतला. करोनापूर्वी महामंडळाकडे १८ हजारांवर गाड्या होत्या. पुढे हा ताफा १५ हजारांच्या आसपास उतरला. त्याच सुमारास, २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस, वेतनासाठी आणि शासनात विलीनीकरणासाठी कामगारांचा जो संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या महिन्यांत ज्या दूरच्या फेऱ्या बंद पडल्या, त्यांपैकी कित्येक नंतर पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून देशभर वाड्यावस्त्यांपर्यंत डांबर पोहोचले. गाव तेथे रस्ता, हे घोषणेचे पहिले चरण पुरे होऊ लागले, त्याच काळात दुसरे चरण विसरले गेले.

अनुदानाचे तीन धडे

गेल्या दोन दशकांत वाहतुकीसाठी सरकारी अनुदाने आली नाहीत, असे नाही. त्यांतील तीन प्रकार तपासून पाहण्यासारखे आहेत.

पहिला प्रकार गाड्या खरेदीचा. २००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून २००९ साली, जागतिक मंदीवरचा उपाय म्हणून, शहरांना बसखरेदीसाठी केंद्राने पैसा दिला. देशभरात सुमारे १५ हजार गाड्या मंजूर झाल्या. ज्या शहरांत पूर्वी नगरसेवेची गाडी कधी दिसली नव्हती, तेथेही नव्या कोऱ्या गाड्या उतरल्या. परंतु अनुदान खरेदीपुरते होते. डिझेल, चालक-वाहकांचे पगार, सुटे भाग, टायर यांचा भार ज्या नगरपालिकांवर पडला, त्यांच्याकडे ना पैसा होता, ना वाहतूक चालवण्याचा अनुभव, ना मार्ग आखू शकणारी माणसे. परिणामी अनेक शहरांत काही वर्षांतच या गाड्या देखभालीअभावी उभ्या राहिल्या. अनुदानातून गाडी मिळाली, पण ती चालती ठेवण्याची व्यवस्था मिळाली नाही.

दुसरा प्रकार प्रवाशाला मिळणाऱ्या सवलतीचा. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एस. टी. चा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट लागू झाले. या निर्णयांची थट्टा करण्याचे कारण नाही. ज्या बाईला माहेरी जायचे तर नवऱ्यापुढे हात पसरावा लागत असे, ती आज आपल्या पैशाने गाडीत चढते, ही लहान गोष्ट नव्हे. सवलतीनंतर गाड्यांत स्त्रियांची गर्दी वाढली, यावरून प्रवासाची किती इच्छा आणि गरज दबून राहिली होती, हेच सिद्ध झाले. मात्र सवलतीचा लाभ घ्यायला आधी गाडी यावी लागते. ज्या वस्तीवर गाडीच येत नाही, तेथील बाई जीपमध्ये पूर्ण भाडे भरूनच जाते. म्हणजे सर्वांत दूर राहणारी, बहुधा सर्वांत गरीब असलेली स्त्रीच या अनुदानातून वगळली जाते आणि तिला कोणी वगळले याचा पत्ता लागत नाही.

तिसरा प्रकार मानव विकास कार्यक्रमातील गाड्यांचा आहे आणि तो अधिक आशादायक आहे. २०११ नंतर राज्यातील मागास ठरवलेल्या १२५ तालुक्यांत, प्रत्येकी पाच याप्रमाणे, आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी शासनाने एस. टी. ला गाड्या घेऊन दिल्या आणि त्या चालवण्याचा खर्चही दिला. निळ्या रंगाच्या या गाड्या विदर्भ-मराठवाड्यात सर्वांच्या परिचयाच्या आहेत. येथे हेतू स्पष्ट होता, प्रवासी कोण हे ठरलेले होते आणि खर्च पुरेपूर धरलेला होता. असे असूनही ज्या गावात पालक आणि मुख्याध्यापक जागरूक, तेथे गाडी घंटेच्या वेळेला हजर असते; जेथे विचारणारे कोणी नसते, तेथे तीच गाडी दुसऱ्या मार्गावर वळवली गेल्याच्या तक्रारी होतात. उत्तम योजनेलाही गावाचा पहारा लागतो, हा या तिसऱ्या प्रकाराचा धडा आहे.

भारमान कोणाचे मोजायचे?

एखादी फेरी बंद करताना आगारातून एक शब्द हमखास ऐकू येतो : भारमान. गाडीतील आसनांच्या तुलनेत किती प्रवासी बसले, त्याचे हे प्रमाण. भारमान कमी म्हणून फेरी बंद, असा सरळ हिशेब असतो आणि अर्ज घेऊन गेलेले शिष्टमंडळ त्यापुढे निरुत्तर होऊन परतते.

वस्तुतः हा हिशेब अपुरा आहे. भारमानात गाडीत बसलेल्यांची गणती होते. गाडी वेळेवर नाही म्हणून घरी राहिलेल्यांची होत नाही. पावणेपाचची गाडी रिकामी जाते, म्हणून त्या गावाला गाडीची गरज नाही, असा निष्कर्ष निघतो; सव्वापाचला सुटली असती तर ती भरली असती, ही शक्यता कागदावर येतच नाही. दवाखान्यात पोहोचायला दुपार होते म्हणून तपासणीला न गेलेली गरोदर बाई, मुक्कामी गाडी बंद झाल्यापासून तालुक्याच्या बाजारात पहाटे भाजी नेणे सोडून दिलेला शेतकरी, तारखेला हजर राहता आले नाही म्हणून ज्याचा दावा लांबला तो कूळ, पेन्शनसाठी बँकेत जायला शंभर रुपये जीपला मोजणारा म्हातारा, ही सर्व माणसे त्या हिशेबाबाहेर आहेत.

या माणसांची मोजदाद आगार व्यवस्थापक करू शकत नाही, मंत्रालयातील सचिव तर नाहीच नाही. ती फक्त गाव करू शकते. सरकारी कागदपत्रांत ‘क्षमताबांधणी’ असा एक जड शब्द असतो. त्याचा साधा अर्थ इतकाच, की आपल्या गरजेची मोजदाद करणे, तिच्यावरून योजना आखणे, तिचा खर्च मांडणे आणि अंमलबजावणीवर नजर ठेवणे हे गावातील सामान्य माणसांना जमले पाहिजे. प्रत्यक्षात या नावाने बहुतेक ठिकाणी एक दिवसाचे प्रशिक्षण, चहा-नाश्ता आणि हजेरीपटावर सह्या एवढेच घडते. राष्ट्रीय ग्राम स्वराज अभियानासाठी २०२२ ते २०२६ या काळाकरिता ५,९११ कोटी रुपये मंजूर झाले होते आणि पंचायतींना कारभार शिकवणे हाच त्याचा मुख्य हेतू होता. त्या शिक्षणात गावच्या वाहतुकीचा एक तास तरी होता का, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या सरपंचाला विचारून पाहावे.

कायद्यातील फट

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा शाळा, दवाखाने, रस्ते त्यांच्याकडे गेले. गाडी मात्र महामंडळाकडेच राहिली. पुढे १९९२ साली संमत झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकराव्या परिशिष्टात पंचायतींसाठी २९ विषय नोंदवले. त्यांतील तेराव्या विषयात रस्ते, मोऱ्या, पूल, तरी, जलमार्ग आणि ‘दळणवळणाची इतर साधने’ आहेत. होडीचा स्पष्ट उल्लेख आहे, बसचा नाही. पण इतर साधनांत बस बसत नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. नगरपालिकांच्या बाराव्या परिशिष्टात तर बसथांबे स्पष्टपणे नमूद आहेत. थांबा नगरपालिकेने बांधायचा आणि त्या थांब्यावर गाडी केव्हा यावी याचा निर्णय दुसऱ्याच कोणीतरी करायचा, अशी ही विभागणी आहे. गावोगावी आमदार-खासदारांच्या नावांचे निवारे उभे आहेत आणि त्यांत गाडीची वाट पाहणाऱ्यांऐवजी शेळ्या बसलेल्या दिसतात, त्याचे मूळ या विभागणीत आहे.

पैशाचीही तीच गत आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातील ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेले आणि ४० टक्के स्थानिक गरजेसाठी मोकळे, असा नियम होता. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०१५ साली घेतला. म्हणजे काहीसा मोकळा पैसा गावापर्यंत येऊ लागला आहे. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने ग्रामपंचायतींचे आराखडेही होतात. पण ते आराखडे उघडून पाहिले तर त्यांत गटारे, पेव्हिंग ब्लॉक, कमानी आणि हायमास्ट दिवे यांचीच यादी आढळते. जे बांधता येते आणि ज्याचे बिल काढता येते, तेवढाच विकास, अशी समजूत त्यामागे आहे.

केरळने काय केले

ही समजूत बदलता येते, याचे उदाहरण केरळात आहे. १९९६ साली तेथे जनता योजना मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजनेतील ३५ ते ४० टक्के निधी स्थानिक संस्थांच्या हाती देण्याचे ठरले. आधी पंचायती सक्षम होऊ द्या, मग पैसा देऊ, असे तेथे म्हटले गेले नाही. आधी पैसा आणि अधिकार दिला गेला, आणि त्याच वेळी प्रशिक्षणाची प्रचंड मोहीम हाती घेतली गेली. ग्रामसभांनी गरजा मांडल्या, विकास परिसंवादांत त्यांची छाननी झाली, कार्यदलांनी त्यांच्या योजना केल्या. तांत्रिक तपासणीसाठी निवृत्त अभियंते, अधिकारी, प्राध्यापक यांना स्वयंसेवक म्हणून बोलावण्यात आले. त्रिसूरजवळची ‘किला’ ही स्थानिक प्रशासनाची संस्था या शिक्षणाचे केंद्र बनली. पोहायला शिकवायचे तर पाण्यात उतरवावेच लागते, हे या मोहिमेने ओळखले होते.

त्याच केरळात २९ जुलै २०२२ रोजी तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील कोल्लयिल पंचायतीत ‘ग्रामवंडी’, म्हणजे गावगाडी, या योजनेतील पहिली गाडी सुटली. तिची रचना अत्यंत साधी आहे. गाडी राज्य परिवहन महामंडळाची, चालक-वाहक महामंडळाचे, त्यांचे पगार आणि गाडीची देखभाल महामंडळाकडे. डिझेलचा खर्च पंचायतीचा, आणि त्याच्या मोबदल्यात मार्ग व वेळा ठरवण्यात पंचायतीचा शब्द महत्त्वाचा. शेजारच्या पंचायती एकत्र येऊन एक गाडी चालवू शकतात. यात ठेकेदार नाही, नवी कंपनी नाही, कामगाराची नोकरी कच्ची झालेली नाही. एका बाजूला सार्वजनिक महामंडळ आणि दुसऱ्या बाजूला लोकांनी निवडलेली पंचायत, यांच्यातील हा करार आहे.

केरळच्या महामंडळाची आर्थिक स्थिती नाजूक आहे, पगारांना विलंब झाल्याच्या बातम्या तेथूनही येत असतात, आणि गावगाडीने तेथील सर्व प्रश्न सुटले असे मुळीच नाही. तरीही एक गोष्ट तिने दाखवून दिली : तोट्याची फेरी बंद करणे आणि तोटा सोसत राहणे यांच्यापलीकडे तिसरा मार्ग असतो, आणि तो मार्ग चालण्यासाठी बळ असलेली पंचायत लागते. पंचवीस वर्षे योजना करण्याचा सराव नसता, तर डिझेलचे बिल भरून गाडी मागण्याची कल्पना तेथील पंचायतींना पेलली नसती.

दोन आक्षेप

या विचारावर दोन आक्षेप येतील आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही.

पहिला आक्षेप असा, की गाडी देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. पंचायतींनी डिझेलचा खर्च उचलला तर राज्य आपली जबाबदारी झटकील आणि श्रीमंत गावांना गाडी, गरीब गावांना पायपीट, असा नवा भेद निर्माण होईल. हा आक्षेप पूर्णपणे रास्त आहे. साखर कारखान्याच्या परिसरातील ग्रामपंचायत आणि धडगाव-अक्कलकुव्याची ग्रामपंचायत यांना एकाच तराजूत तोलता येत नाही. म्हणूनच पंचायतीचा वाटा तिच्या ऐपतीप्रमाणे असावा आणि उरलेला भार राज्याने वाहतुकीच्या स्वतंत्र अनुदानातून उचलावा, अशी मागणी हवी. दुर्गम आणि आदिवासी गावांत हा वाटा शून्य असला तरी हरकत नाही. मार्ग आणि वेळ ठरवण्याचा अधिकार मात्र तेथेही पूर्ण हवा. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला मत नाही, हे तत्त्व लोकशाहीत चालू शकत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. केंद्राने आता चालवण्याचा खर्चही द्यायला सुरुवात केली आहे, मग वेगळ्या खटाटोपाची गरज काय, असे ते विचारतात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेचा एकूण खर्च ५७,६१३ कोटी रुपये असून त्यात केंद्राचा वाटा २० हजार कोटींचा आहे. १० हजार विजेच्या गाड्या आणि दहा वर्षे प्रति किलोमीटर साहाय्य, अशी तिची मांडणी आहे. खरेदीपुरते अनुदान अपुरे पडते, हा जुना धडा येथे शिकलेला दिसतो आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. पण ही योजना शहरांसाठी आहे. शिवाय गाडी आणि चालक खाजगी ठेकेदाराचे असून प्रवाशाचा किंवा नगरपालिकेच्या सभेचा वेळापत्रकाशी संबंध कराराच्या कलमांतून येईल तेवढाच. पैसा वाढला, परंतु लोकांचा हात त्या पैशापर्यंत पोहोचलेला नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे

मोर्चे आणि निवेदने यांचे महत्त्व कमी नाही. परंतु ‘गाडी सुरू करा’ एवढीच मागणी घेऊन गेलेल्या शिष्टमंडळाला भारमानाचा कागद दाखवून परत पाठवता येते. म्हणून मागणीच्या आधी नोंदवही हवी.

प्रत्येक शाखेने एक गाव किंवा एकाच फाट्यावरून जाणारी चार-पाच गावे निवडावीत. आठवड्याचे सात दिवस, बाजाराचा दिवस धरून, पहाटेपासून रात्रीपर्यंत फाट्यावर पाळीपाळीने बसून नोंद करावी : कोण, कोठे, किती वाजता, कोणत्या वाहनाने आणि किती भाडे देऊन गेले. त्यानंतर घरोघर जाऊन शेवटचा रकाना भरावा, आणि तोच सर्वांत मोलाचा आहे : ज्यांना जायचे होते पण जाता आले नाही, ते कोण आणि का. या रकान्याची चौकशी स्त्रियांनी स्त्रियांकडे करावी, कारण पुरुषापुढे बाई ‘काही अडचण नाही’ एवढेच सांगते. प्रत्येक तालुक्यात एस. टी. चे निवृत्त चालक, वाहक आणि वाहतूक नियंत्रक आहेत. वेळापत्रक कसे बसवतात, एक गाडी दिवसात किती फेऱ्या करू शकते, किलोमीटरला डिझेल किती जाते, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांना मानाने बोलावून नोंदवहीवरून वेळापत्रकाचा मसुदा करावा. केरळने निवृत्त अभियंत्यांकडून जे काम घेतले, ते येथे ही माणसे करू शकतील.

हा मसुदा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठरावासह मांडावा, ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालावा आणि मग आगारात जावे. काही ठिकाणी असे दिसून येईल, की एका रुपयाचाही जादा खर्च न करता केवळ अर्ध्या तासाने वेळ बदलून काम होते. जेथे खर्च लागेल तेथे तो किती, हे गावच सांगू शकेल. आणि त्यानंतर राज्यापुढे तीन मागण्या ठामपणे ठेवता येतील. ग्रामीण वाहतुकीचे अनुदान खरेदीइतकेच चालवण्यासाठीही असावे. फेरी सुरू किंवा बंद करताना संबंधित ग्रामसभेचे म्हणणे ऐकणे बंधनकारक असावे. आणि त्या अनुदानाचा निश्चित हिस्सा गावातील माणसांना हे काम शिकवण्यासाठी राखून ठेवावा.

डॉ. राममनोहर लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवरच्या राज्याची कल्पना मांडली होती. त्यातला गावाचा खांब आजही कच्चा आहे आणि तो भाषणांनी पक्का होणार नाही. पावणेपाचची गाडी सव्वापाचला सुटावी, एवढा बदल ज्या गावाने स्वतः मोजदाद करून, हिशेब मांडून आणि भांडून घडवून आणला, त्या गावाला पुढच्या वेळी रेशनचा, पाण्याचा आणि रोजगार हमीचा हिशेब मागताना कोणाच्या मागे जावे लागणार नाही. कामाला सुरुवात करायला एक वही, एक घड्याळ आणि फाट्यावर बसणारी चार माणसे पुरेशी आहेत.